श्रोतामंडळ ते वेबकास्ट : नोंदवहीतल्या श्रोत्याचा शोध

प्रवरेच्या कालव्यांवर शेती करणाऱ्या माणसाला दोन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. एक 'सात नंबर' आणि दुसरा 'टेल'. सात नंबर म्हणजे पाटबंधारे खात्याकडे पाण्यासाठी करायचा मागणी अर्ज. टेल म्हणजे चारीचे शेवटचे टोक. अर्ज भरला, नोंद झाली, आवर्तन सुटल्याची बातमीही आली, तरी टेलच्या रानात पाणी पोचेलच असे नाही. खात्याच्या कागदावर भिजलेले क्षेत्र आणि बांधावर उभे राहून दिसणारे भिजलेले क्षेत्र यांत अंतर असते, आणि त्या अंतराचा इतिहास हाच अनेकदा त्या कालव्याचा खरा इतिहास असतो.

हे पाणी येते ते अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याहून. रतनगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या प्रवरेवर १९१० मध्ये दगडी धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६ मध्ये ते पुरे झाले. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणाला मिळाले. सुमारे ८२ मीटर उंचीच्या या भिंतीमागे साठलेले पाणी नदीतून खाली ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या पट्ट्यात पसरते. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले, शाळा-महाविद्यालये उभी राहिली. धरणाच्या काठावरची गावे मात्र पावसाळी भात, नाचणी आणि वरईवर राहिली. पाण्याच्या हिशेबात भंडारदरा हा उगम आहे. शिक्षणाच्या, माहितीच्या, तज्ज्ञांच्या हिशेबात तोच भंडारदरा टेलला आहे.

या निबंधाचा विषय पाणी नाही, दुरून फुकट मिळणारे व्यावसायिक ज्ञान आहे. आज शिक्षक, डॉक्टर, अभियंता, कृषी सहायक, वनरक्षक अशा कोणालाही घरबसल्या नाव नोंदवून एखाद्या मोठ्या संस्थेतले व्याख्यान थेट पाहता येते. त्याला आपण वेबकास्ट म्हणतो, वेबिनार म्हणतो, ऑनलाइन प्रशिक्षण म्हणतो. ही सोय अगदी नवी आहे असा समज आहे. प्रत्यक्षात दुरून शिकवण्याचा आणि दुरून शिकणाऱ्याची नोंद ठेवण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात सत्तर वर्षांचा आहे, आणि त्याच्या एका महत्त्वाच्या पर्वात नगर जिल्हा सहभागी होता. त्या प्रयत्नात नोंद कशाची केली गेली, यंत्राची, मंडळाची की माणसाची, हे पाहिले तर टेलपर्यंत काय पोचले याचा अंदाज येतो.

यंत्राची नोंद

भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. कंपनी खासगी होती आणि तिचे मुख्य उत्पन्न परवान्यावर अवलंबून होते. ज्याच्या घरी रेडिओसंच असेल त्याने वर्षाला दहा रुपये भरून परवाना घ्यायचा आणि त्यातला मोठा हिस्सा कंपनीला मिळायचा, अशी व्यवस्था होती. संच महाग होते, परवाने थोडे निघाले, परवान्याशिवाय ऐकणारेही होतेच. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि सरकारने प्रसारण हाती घेतले. १९३६ पासून ते 'ऑल इंडिया रेडिओ' या नावाने चालू लागले.

परवान्याची पद्धत मात्र टिकली. टपाल कचेरीत जाऊन पुस्तिकेवर तिकिटे चिकटवून घेण्याची ती रीत आज साठीच्या पुढच्या अनेक वाचकांना आठवत असेल. १९८० च्या दशकाच्या मध्यात ती बंद झाली. म्हणजे जवळजवळ सहा दशके आपल्या देशात ऐकणाऱ्याची अधिकृत नोंद होती ती यंत्राच्या मालकाची. संच कोणाच्या नावावर आहे एवढेच सरकारला ठाऊक असे. त्या संचासमोर किती जण बसतात, काय ऐकतात, ऐकून काय करतात, यासाठी त्या पुस्तिकेत रकाना नव्हता.

खेड्यात संच घेण्याची ऐपत असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी असत. म्हणून चावडीत किंवा शाळेत सार्वजनिक संच ठेवण्याची कल्पना पुढे आली. २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांना जवळचे मराठी केंद्र मिळाले. संच आला, केंद्र आले, कार्यक्रम आले. तरीही चावडीतला संच भजनाला आणि बातम्यांना लागे आणि शेतीच्या भाषणाच्या वेळी लोक उठून जात, तर पैसे आणि मेहनत कशासाठी, हा प्रश्न उरलाच. त्या प्रश्नाला उत्तर शोधण्यासाठी जो प्रयोग झाला तो जगाच्या प्रसारण इतिहासात नोंदला गेला आहे.

मंडळाची नोंद : १९५६

कॅनडामध्ये १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालत होती. शेजारची काही कुटुंबे एका घरी जमत, आधी छापील पत्रक वाचत, मग रेडिओ ऐकत, मग चर्चा करत आणि शक्य ते अमलात आणत. 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा' हा त्यांचा मंत्र होता. युनेस्कोला ही पद्धत नव्याने स्वतंत्र झालेल्या, निरक्षरता मोठी असलेल्या देशात करून पाहायची होती. भारतात ती जबाबदारी ऑल इंडिया रेडिओने घेतली. तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे सनदी अधिकारी होते, तसेच हिंदीतले नावाजलेले नाटककारही होते. प्रयोगासाठी मुंबई राज्य निवडले गेले, भाषा मराठी आणि प्रसारण पुणे केंद्रावरून.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत रेडिओ श्रोतामंडळे बसवण्यात आली. प्रत्येक मंडळात साधारण वीस सभासद, एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्ध्या अर्ध्या तासाचा कार्यक्रम, दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम. विषय शेतीचे होते, आरोग्याचे होते, शिक्षण, सहकार आणि ग्रामपंचायतीचेही होते. कॅनडाच्या मंत्रातला 'वाचा' हा पहिला शब्द इथे गळला, कारण वाचता न येणाऱ्यांनाही मंडळात बसायचे होते. उरले ते 'ऐका, चर्चा करा, कृती करा'.

या प्रयोगाचा कणा होता तो निमंत्रक. पुष्कळदा हे काम गावातल्या शिक्षकाकडे किंवा लिहिता येणाऱ्या तरुणाकडे असे. कार्यक्रम संपला की संच बंद करायचा, मंडळाला बोलते करायचे, झालेली चर्चा लिहून काढायची आणि मंडळाचे प्रश्न पुणे केंद्राला पाठवायचे. ते प्रश्न पुढच्या कार्यक्रमांत घेतले जात आणि त्यांची उत्तरे रेडिओवरून मिळत. आपल्या गावाचे नाव आणि आपला प्रश्न पुण्याहून ऐकू येणे, याचे त्या काळातले अप्रूप सहज समजण्यासारखे आहे. पण अप्रूपापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की बोलणाऱ्या तज्ज्ञाला आपण नेमके कोणाशी बोलतो आहोत हे चार दिवसांत कळत होते.

मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. तिथे त्या वेळी अभ्यागत म्हणून आलेले समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ यांनी त्याची आखणी केली. मंडळे असलेली गावे आणि मंडळे नसलेली गावे यांची तुलना झाली. मंडळे नसलेल्या गावांतही काही ठिकाणी रेडिओसंच होता आणि काही ठिकाणी नव्हता. प्रसारणाच्या आधी आणि नंतर लोकांना त्याच विषयांवर प्रश्न विचारण्यात आले. मंडळे असलेल्या गावांत माहितीत ठळक वाढ दिसली. मंडळ नसलेल्या गावांत, संच असूनसुद्धा, वाढ अगदी किरकोळ होती. माथुर आणि नॉयराथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला आणि पुढे आशिया-आफ्रिकेतल्या अनेक देशांनी अशा मंडळांचा अवलंब केला.

या निष्कर्षाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. तोच संच, तेच केंद्र, तोच कार्यक्रम, भाषा तीच. फरक एवढाच, की एका गावात ऐकण्यासाठी ठरलेली जागा होती, ठरलेली वेळ होती, चर्चा घडवणारा एक माणूस होता आणि प्रश्न परत जाण्याची वाट होती. दुसऱ्या गावात या चार गोष्टी नव्हत्या. ज्ञान दोन्ही गावांच्या आकाशातून जात होते, उतरले ते एकाच गावात.

नोंदीची तऱ्हाही इथे बदलली. टपाल कचेरीच्या पुस्तिकेत यंत्राचे नाव होते. निमंत्रकाच्या वहीत मंडळाचे नाव होते, आज किती जण आले, काय बोलले, काय ठरले हे होते. हजेरी आणि प्रश्न एकाच पानावर लिहिलेले होते. दुरून शिकण्याच्या आपल्या इतिहासातली ही बहुधा सर्वांत श्रीमंत नोंदवही.

मंडळे का विरली

१९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली. मंडळांची संख्या काही वर्षांतच हजारांवर गेली. पण १५० गावांत जे साधले ते हजारो गावांत टिकले नाही. त्याची कारणे गूढ नाहीत. प्रयोगाच्या काळात निमंत्रकामागे संघटक होते, त्यांच्यामागे केंद्र होते आणि केंद्रामागे युनेस्कोची नजर होती. विस्तारात उद्दिष्ट आले: अमुक तालुक्यात अमुक मंडळे. मंडळ स्थापन झाल्याची नोंद सोपी असते, ते चालू असल्याची नोंद अवघड. संचाची बॅटरी संपली तर नवी कोणी आणायची, संच नादुरुस्त झाला तर तालुक्याला कोणी न्यायचा, हे प्रश्न आकाशवाणी, महसूल खाते आणि विकास गट यांच्यात फिरत राहिले. ग्रामसेवकाच्या आणि शिक्षकाच्या डोक्यावर आणखी दहा कामे आली.

दुसरे कारण आनंदाचे होते. १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि हळूहळू स्वस्त झाला. चावडीत जमण्याचे कारणच उरले नाही, ज्याचा त्याचा संच ज्याच्या त्याच्या ओसरीवर वाजू लागला. ऐकणाऱ्यांची संख्या वाढली. शेतकऱ्यांनी आकाशवाणीवरून संकरित बियाणे आणि खतांची माहिती घेतली, हेही खरे आहे. पण एकत्र बसून 'हे आपल्या खाचरात चालेल का' असे विचारण्याची सवय गेली. यंत्र खासगी झाले की ऐकणेही खासगी होते, हा धडा पुढे दूरदर्शनने आणि मोबाइलने पुन्हा दिला.

आकाशातून वर्ग

पुढचे पर्व उपग्रहाचे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने 'साइट' हा दूरचित्रवाणी प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावे त्यात होती. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. या प्रयोगात खेड्यापाड्यांतल्या हजारो प्राथमिक शिक्षकांना सुट्टीच्या काळात विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण दिले गेले. त्यात पडद्यावरचा धडा हा एक भाग होता. सोबत छापील साहित्य होते, हाताने करायचे प्रयोग होते आणि प्रत्येक ठिकाणी मार्गदर्शक होता. नोकरीत असलेल्या माणसाला त्याच्या कामाचे शिक्षण दुरून आणि फुकट देण्याचा आपल्याकडचा हा पहिला मोठा प्रयत्न. पद्धत पाहिली तर ते १९५६ चे श्रोतामंडळच होते, संचाच्या जागी पडदा आलेला.

१५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्ग दूरदर्शनवर दिसू लागला. त्याच्या निर्मितीत पुणे विद्यापीठाच्या केंद्राचाही वाटा होता. कार्यक्रम चांगले होते, पण ते दुपारी लागत, मुख्यतः इंग्रजीत असत, आणि पाहणाऱ्याची कोणतीही नोंद नसे. तो वर्ग म्हणजे हजेरीपट नसलेली शाळा होती. ज्याला आवड, त्याने पाहावे.

१९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या काळात मराठीतली स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि गावोगावची अभ्यासकेंद्रे हा त्या विद्यापीठाचा पाया ठरला. पुस्तक दुरून येई, पण अभ्यासकेंद्रात भेटणारे समंत्रक आणि सोबत शिकणारे दहा जण जवळचे असत. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या शिक्षकांना, परिचारिकांना, शेतकऱ्यांना त्याचा उपयोग झाला, कारण प्रश्न विचारायला तालुक्याच्या गावी एक जागा होती.

२० सप्टेंबर २००४ रोजी शिक्षणासाठी स्वतंत्र उपग्रह, एज्युसॅट, अवकाशात गेला. डेहराडूनची इस्रोची दूरसंवेदन संस्था २००७ पासून त्यावरून विनाशुल्क अभ्यासक्रम चालवू लागली. वनखाते, जलसंधारण, भूजल यांत काम करणाऱ्या माणसाला उपग्रहाचे चित्र कसे वाचायचे हे त्यामुळे शिकता येऊ लागले. पवईच्या आयआयटी मुंबईने प्राध्यापक दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या अध्यापकांसाठी दोन-दोन आठवड्यांच्या कार्यशाळा घेतल्या. त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. सहभागी अध्यापक पवईला जात नसत आणि घरीही बसत नसत. ते आपल्या जवळच्या एखाद्या महाविद्यालयात, म्हणजे दूरस्थ केंद्रात जमत. त्या केंद्राचा समन्वयक आधी स्वतः पवईला जाऊन तयारी करून आलेला असे. व्याख्यान पवईहून थेट येई, प्रश्न केंद्रातून परत जाई आणि प्रयोगशाळेचे काम समन्वयक तिथेच करून घेई. अकरावे शतक असो की एकविसावे, गुरूच्या समोर बसण्याला पर्याय नाही असे म्हणणाऱ्यांना या रचनेने एक मध्यम मार्ग दाखवला: गुरू दूर असला तरी चालेल, वर्ग जवळ हवा.

व्यक्तीची नोंद

वेबकास्ट या रचनेतून वर्ग काढून टाकतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपले अभ्याससाहित्य जगाला मोफत देण्याचे जाहीर केले. २००३ च्या सुमारास आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल हा व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. २०१७ मध्ये 'स्वयम्' आले आणि त्याच वर्षी शिक्षकांसाठी 'दीक्षा'. २०१६ च्या अखेरीपासून मोबाइलवरचा डेटा एकदम स्वस्त झाला आणि व्याख्यान खिशात येऊन बसले.

इथे नोंदीचे तिसरे रूप दिसते. आता नोंद ना संचाची ना मंडळाची, ती एकट्या माणसाची. नाव, हुद्दा, संस्था, मोबाइल क्रमांक, ईमेल. फॉर्म भरला की दुवा येतो, आठवणीचे दोन संदेश येतात, ठरल्या वेळी दुवा दाबला की व्याख्यान सुरू. शेवटी अभिप्रायाचा फॉर्म आणि तो भरला की प्रमाणपत्र. पैसे पडत नाहीत. पण फुकट या शब्दाचे अर्थ इथे तीन आहेत आणि ते वेगळे करून पाहिले पाहिजेत. सरकारी किंवा विद्यापीठीय प्रसारण खरोखरच करदात्याच्या पैशातून फुकट असते. एनपीटीईएल आणि स्वयम्‌मध्ये ऐकणे फुकट असते, परीक्षा आणि प्रमाणपत्राला शुल्क असते. आणि औषध, उपकरणे, संगणकप्रणाली विकणाऱ्या कंपन्यांच्या मोफत वेबकास्टमध्ये किंमत असते ती आपल्या नावाची आणि क्रमांकाची. फॉर्म भरणारा डॉक्टर किंवा अभियंता हा त्यांच्यासाठी संभाव्य गिऱ्हाईक असतो. तेथे शिकायला मिळत नाही असे नाही. पण कोण, का आणि कोणाच्या खर्चाने शिकवत आहे हे ठाऊक असलेले बरे.

२५ मार्च २०२० पासून देश टाळेबंद झाला आणि वेबिनारांचा पूर आला. महाविद्यालयांनी एका आठवड्यात जितकी व्याख्याने घेतली तितकी एरवी वर्षात झाली नसती. ऑक्टोबर २०२० पासून 'निष्ठा' हे प्राथमिक शिक्षकांचे राष्ट्रीय प्रशिक्षण दीक्षावरून ऑनलाइन सुरू झाले. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयगुण मिळवावे लागतात, तेही घरबसल्या जमू लागले. डोंगराळ तालुक्यात काम करणाऱ्या शिक्षकाला आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला याचा मोठा दिलासा होता. एका दिवसाच्या प्रशिक्षणासाठी नगरला जायचे म्हणजे भंडारदरा खोऱ्यातल्या माणसाचा जाण्या-येण्यातच दिवस जातो. प्रशिक्षण घरी आले म्हणजे शाळा बंद राहिली नाही, रुग्ण ताटकळला नाही. वेबकास्टवर टीका करताना हा लाभ विसरणे अन्यायाचे होईल.

पण त्याच काळात दुसरेही दिसले. दुवा चालू करून फोन बाजूला ठेवणे, एकाने दुसऱ्याचे लॉगिन करून देणे, चाचणीची उत्तरे व्हॉट्सअॅपच्या गटात फिरणे, दिवसाला तीन-तीन प्रमाणपत्रे आणि त्यांची छायाचित्रे. ज्यांनी हे केले त्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्या यंत्रणेने फक्त नोंदणी, दुवा आणि प्रमाणपत्र एवढेच मोजले, तिने मागितले तेच तिला मिळाले. मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव नोंदवणाऱ्यांपैकी थोडेच जण ते पुरे करतात हे जगभरचे चित्र आहे. इथे तर पुरे करणे आणि शिकणे यांतही फट पडली. सात नंबर भरले गेले, आवर्तन सुटले, रान कोरडे राहिले.

डोंगराआडचा सिग्नल

भंडारदरा खोऱ्यात या प्रश्नाला भूगोलाची एक बाजू आहे. घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोल्टेंभे, उडदावणे, पांजरे ही गावे जलाशयाभोवती आणि सह्याद्रीच्या कड्यांखाली पसरली आहेत. एका बाजूला १,६४६ मीटरचे कळसूबाई, दुसऱ्या बाजूला रतनगड, अलंग-मदन-कुलंगच्या रांगा. आकाशवाणीच्या मध्यम लहरी जमिनीलगत दूरवर जातात आणि डोंगराला काही प्रमाणात वळसाही घालतात. मोबाइलच्या लहरींना मनोरा जवळजवळ समोर दिसावा लागतो. मध्ये धार आली की सावली पडते. म्हणून तंत्र पुढे गेले तरी या खोऱ्यात ऐकण्याची सोय त्याच प्रमाणात वाढली असे होत नाही. पावसाळ्यात, म्हणजे शाळा चालू असण्याच्या आणि साथीचे रोग येण्याच्या ऐन दिवसांत, वीज जाते आणि तिच्यामागोमाग मनोराही गप्प होतो. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिला भारतनेट नाव मिळाले. ग्रामपंचायतीपर्यंत केबल येणे आणि वस्तीवरच्या शाळेत चित्र न थांबता दिसणे यांत पुन्हा ते टेलचे अंतर आहेच.

थेट प्रसारण हा शब्द अशा ठिकाणी जरा क्रूर ठरतो. ठरलेल्या वेळी सिग्नल नसला तर थेट कार्यक्रम चुकला. ज्या संस्था व्याख्यानाची ध्वनिचित्रफीत नंतर उतरवून घेता येईल अशी ठेवतात, कमी डेटात चालणारी केवळ आवाजाची प्रत देतात, त्या टेलचा विचार करतात. ज्या संस्था ठरल्या तासाला हजर असाल तरच प्रमाणपत्र म्हणतात, त्या नकळत मनोऱ्याजवळच्यांनाच शिकवतात.

आणखी एक गोष्ट या तालुक्यातूनच शिकावी अशी आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. देशी वाण जपण्याच्या त्यांच्या कामाची नोंद बीबीसीने २०१८ च्या १०० स्त्रियांच्या यादीत घेतली, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बायफ या संस्थेची साथ त्यांच्या बीजबँकेला मिळाली. घरच्या अनुभवातून आलेले ज्ञान आणि बाहेरून आलेली पद्धत यांची गाठ समोरासमोर, अंगणात पडली. दुरून येणाऱ्या ज्ञानाला खाली विचारायला कोणी असेल तर खालूनही वर जाण्यासारखे पुष्कळ आहे, हे या उदाहरणाने दाखवले. बहुतेक वेबकास्टमध्ये मात्र पाण्याला एकच उतार असतो. हजार श्रोत्यांच्या गप्पांच्या चौकटीत 'आवाज येत नाही' आणि 'उपस्थित' एवढेच वाहत जाते.

प्रश्नाची नोंद

यंत्राची नोंद झाली, मंडळाची झाली, व्यक्तीची झाली. राहिली आहे ती प्रश्नाची. १९५६ च्या निमंत्रकाच्या वहीत ती होती, म्हणून ती वही आजही उपयोगाची आहे.

हे पुन्हा करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी नवी योजना काढावी लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा केंद्रांत विभागलेल्या आहेत आणि प्रत्येक केंद्राची शिक्षण परिषद भरते. त्याच परिषदेत दहा-पंधरा शाळांच्या शिक्षकांनी आधी उतरवून घेतलेले एक व्याख्यान एकत्र पाहावे, अर्ध्या तासाने ते थांबवावे आणि 'आपल्या चौथीच्या वर्गात, ठाकर-महादेव कोळी मुलांच्या बोलीत, हे कसे शिकवायचे' यावर बोलावे. चर्चेतून निघालेले तीन प्रश्न लेखी स्वरूपात प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेकडे जावेत आणि पुढच्या व्याख्यानाची सुरुवात त्या प्रश्नांच्या उत्तरांनी व्हावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकांच्या आणि आशांच्या मासिक सभेत, कृषी सहायकाच्या शेतीशाळेत, धरणावरच्या कनिष्ठ अभियंत्यांच्या बैठकीत हेच करता येईल. फोन एकाचा, पडदा एक, माणसे वीस. डेटाही कमी लागेल.

प्रमाणपत्र द्यायचेच असेल तर ते दुवा दाबल्याबद्दल न देता विचारलेल्या आणि करून पाहिलेल्या गोष्टीबद्दल द्यावे. मोजणी कठीण होईल हे खरे. वर्षअखेरीच्या अहवालात लाखांचे आकडे दिसणार नाहीत. पण पाटबंधारे खात्यातला जाणता पाटकरी भिजलेल्या क्षेत्राचा आकडा लिहिण्याआधी चारीच्या शेवटपर्यंत चालत जातो. वरून किती क्युसेक सुटले हे त्याला कचेरीतच कळलेले असते. तो चालतो ते टेलच्या रानात पाय चिखलात जातो का हे पाहायला.